कुंडीतली माती: हंगामी फुलांना नेमके काय हवे?

पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हंगामी फुलांच्या पेरणीचे दिवस सुरू होतात. झेंडू, पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, ॲस्टर, पॅन्झी, साल्व्हिया, कॅलेंड्युला ही फुले आता पेरली तर डिसेंबरपासून मार्चपर्यंत अंगण आणि गच्ची भरलेली राहते. बी, रोप, फूल आणि पुन्हा बी असा सगळा जीवनक्रम ही झाडे काही महिन्यांत उरकतात. आंब्याचे कलम पहिल्या वर्षी रुसले तरी दुसऱ्या वर्षी सावरते; झेंडूला दुसरे वर्ष नसते. सुरुवातीचे तीन आठवडे वाया गेले की हंगाम गेला. म्हणून या फुलांच्या बाबतीत कुंडीत काय भरले आहे, याला बियाण्याच्या पाकिटावरील चित्रापेक्षा जास्त महत्त्व आहे.

पालक सभेला येणाऱ्या माता-भगिनी आमच्याकडे नेहमी एकच तक्रार करतात: आमच्या हाताला झाड लागत नाही. रोप नर्सरीतून आणले तेव्हा हिरवेगार होते, महिन्याभरात पिवळे पडून मेले. हाताला झाड लागणे-न लागणे असे काही नसते, हे आम्ही त्यांना सांगतो आणि कुंडी उलटी करायला लावतो. बहुतेक वेळा खाली चिखलाचा गोळा निघतो, मुळे तपकिरी झालेली असतात आणि वास येतो. झाड तहानेने नव्हे, तर गुदमरून मेलेले असते. मुळांनाही श्वास लागतो, हे आपण विसरतो.

कुंडी म्हणजे छोटे शेत नव्हे

शेतात पाणी मुरत मुरत खाली जाते, कारण खालची माती ते ओढून घेते. कुंडीला तळ असतो. पाणी तळाशी पोहोचले की छिद्रातून बाहेर पडते खरे, पण सगळे पडत नाही. तळाचा काही भाग कायम ओथंबलेला राहतो. वर्गात आम्ही हे स्पंजने दाखवतो. भांडी घासण्याचा मोठा, आयताकृती, नवा स्पंज पाण्यात पूर्ण भिजवावा आणि आडवा धरावा. थोडे पाणी गळते आणि थांबते. मग तोच स्पंज न पिळता उभा करावा; पाणी पुन्हा गळू लागते. स्पंज तोच, पाणी तेच, उंची मात्र वाढली. उथळ कुंडीतल्या मातीचा मोठा हिस्सा का ओला राहतो आणि उंच कुंडीत झाड का खुलते, हे मुलांना न शिकवताच कळते.

याच कारणामुळे कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची आपली जुनी पद्धत उपयोगाची नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून जड झाल्याशिवाय ते खाली येत नाही. म्हणजे ओला थर तळाशी राहण्याऐवजी खडीच्या डोक्यावर, मुळांच्या जवळ येऊन बसतो. छिद्रावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. बाकीची खडी वापरायचीच असेल तर ती मातीत मिसळावी, खाली अंथरू नये.

काळी, लाल आणि वाळू

मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे घराजवळ मिळते ती काळी माती. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली ही माती कापसाला, ज्वारीला उत्तम. कुंडीला मात्र एकटी चालत नाही. तिच्यातले चिकण कण ओले झाले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. कुंडीत हीच माती वाळली की कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. घरच्यांना वाटते, पाणी तर भरपूर घातले! शिवाय या मातीत चुना असतो, तिचा कल अल्कलीकडे असतो. त्याचा त्रास कोणत्या फुलांना होतो ते पुढे येईलच.

कोकणातल्या वाचकांची अडचण उलटी आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गाची जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते, पाणी लवकर सोडते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवत नाही. तिला खताची आणि ओल धरणाऱ्या पदार्थाची जोड लागते. एक सूचना मात्र कोकणकरांनी लक्षात ठेवावी: समुद्राची वाळू कुंडीत घालू नये. तिच्यातले मीठ कोवळी मुळे जाळते.

आपल्याकडची माती कशी आहे, हे घरी पाहता येते. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी. झाकण लावून जोरात हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळूचे कण मिनिटाभरात तळाला बसतात, पोयटा काही तासांत आणि चिकण माती दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पाहिली की मातीचा स्वभाव कळतो. आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडतो, बाटली हलवण्यासाठी भांडणे होतात.

काळ्या मातीत मूठभर बारीक वाळू घालून ती सुधारेल, अशीही समजूत आहे. उलट होते. थोडी बारीक वाळू चिकण मातीच्या कणांत जाऊन बसते आणि वाळल्यावर सगळे विटेसारखे घट्ट होते. घालायची तर भरड आणि भरपूर, मातीच्या बरोबरीने. नदीची वाळू आता मिळत नाही आणि ती उपसण्याने नद्यांचे झालेले हाल आपण पाहतोच. जुन्या विटांचा, कौलांचा जाडसर चुरा किंवा खडी केंद्रावरची जाड कच त्या जागी चालते. फक्त धुऊन घ्यावी.

जमिनींच्या या फरकाचा उल्लेख आपल्या दीनमध्ये मोठ्या सुंदर रीतीने आला आहे. सूरह अल-अअ्‌राफच्या ५८व्या आयतीत चांगल्या भूमीतून रबच्या आज्ञेने भरघोस उगवते आणि निकृष्ट भूमीतून जेमतेम, असा आशय आहे. सहीह बुखारीच्या ‘किताबुल इल्म’मध्ये पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी ज्ञान आणि मार्गदर्शनाला पावसाची उपमा दिली आहे. एक जमीन पाणी शोषून हिरवळ उगवते, दुसरी कठीण जमीन पाणी धरून ठेवते आणि लोक ते पितात, तिसरी सपाट ओसाड जमीन पाणीही धरत नाही आणि काही उगवतही नाही. हदीसचा रोख माणसांच्या मनाकडे आहे, हे उघड आहे. पण उपमा देताना माती किती बारकाईने पाहिली आहे! शोषणे, धरणे आणि उगवणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. कुंडीचे मिश्रण करताना आपणही हीच तीन कामे वाटून देत असतो.

एका आपांची रोपवाटिका

आमच्या मोहल्ल्यात एक आपा आहेत. शोहर गेल्यानंतर दोन मुलींचे शिक्षण त्यांच्यावर आले. शिवणकामाच्या जोडीला त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या सावलीत फुलांची रोपे तयार करून विकायला सुरुवात केली. झेंडूची, झिनियाची, पिटुनियाची. पहिल्या वर्षी ट्रॉलीभर माती विकत घेतली. ‘बगीच्याची माती’ म्हणून मिळालेली ती माती म्हणजे कुणाच्या तरी शेतातली काळी चिकण माती होती. बी उगवले, चार-पाच दिवस छान दिसले आणि मग रोपे जमिनीलगत करपून एकेक आडवी झाली. दुसऱ्यांदा पेरले, पुन्हा तेच. बियाण्याचे पैसे उसने घेतलेले होते.

याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी मातीत असतातच. पाणी साचले, हवा खेळली नाही की त्या माजतात आणि रोपाचा कोवळा देठ कुजवतात. औषधापेक्षा माध्यम बदलणे हा खरा उपाय. आपांनी रोपांसाठी माती वापरणेच बंद केले. धुतलेले कोकोपीट तीन भाग, चाळलेले गांडूळखत एक भाग आणि थोडा भाताच्या तुसाचा जळका कोंडा, एवढेच खाचांच्या ट्रेमध्ये भरले. गांडूळखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळली. पाणी झारीने, तेही सकाळी. त्या वर्षी रोपे टिकली. दुकानात ‘हे रोप विलायती बियाण्याचे का?’ असे गिऱ्हाईक विचारू लागले. बियाणे तेच होते.

पिटुनियाने मात्र आपांना अजून दाद दिलेली नाही. ट्रेमध्ये रोप उत्तम होते. मोठ्या कुंडीत बोअरच्या पाण्यावर गेले की कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसते. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असते, पण अल्कली माती आणि जड पाणी यांमुळे ते मुळांना घेता येत नाही. पिटुनिया आणि पॅन्झी याबाबतीत फार नाजूक आहेत. झेंडू उलटा: त्याची मुळे लोह ओढून घेण्यात पटाईत. इतकी की माध्यम फार आंबट झाले तर लोह जास्त होऊन त्याच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात. म्हणजे एकाच कुंडीत, एकाच मिश्रणात ही दोन फुले लावणे म्हणजे मधुमेही आणि पैलवान यांना एकच ताट वाढण्यासारखे आहे. आपांनी यंदा पिटुनिया कमी करून झेंडू आणि झिनिया वाढवली आहे. आम्हाला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. ज्यांना पिटुनिया हवीच आहे त्यांनी पावसाचे पाणी साठवावे, मिश्रणात काळी माती अजिबात घालू नये आणि पिवळेपणा दिसताच कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून वेष्टनावरच्या प्रमाणात द्यावे.

कोकोपीट: गुण आणि खोडी

पूर्वी इंग्लंडमध्येही प्रत्येक माळी आपापले गुप्त मिश्रण बाळगत असे; या फुलाला हे, त्या फुलाला ते. लंडनजवळच्या मर्टन येथील जॉन इन्स संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूएल यांनी १९३०च्या दशकात यावर काम केले आणि बहुतेक झाडांना एकच सरळ मिश्रण पुरते, असे दाखवून दिले. ७ भाग वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती, ३ भाग पीट, २ भाग भरड वाळू आणि थोडे खत. जॉन इन्स मिश्रण या नावाने ते आजही विकले जाते. पुढे अमेरिकेत माती वगळून केवळ पीट आणि परलाईट किंवा व्हर्मिक्युलाईट यांवर फुले वाढू लागली. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलीत हजारो वर्षे साचलेले शेवाळ. ते आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे नारळ!

सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो तेच कोकोपीट. केरळात आणि तमिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला याचे डोंगर पडत, लोकांना ते कुठे टाकावे हा प्रश्न होता. आज तेच जगभर जाते. ते आपल्या वजनाच्या आठपट पाणी धरते आणि तरीही त्यात हवा राहते. ५ किलोची दाबलेली वीट भिजवली की ६०-७० लिटर माध्यम होते. हलके आहे, हा गच्चीवाल्यांसाठी मोठा गुण. दहा इंची कुंडीत साधारण नऊ लिटर माती मावते. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड किलोच्या वर धरले तर एक कुंडी १४-१५ किलोची. अशा चाळीस कुंड्या म्हणजे सहाशे किलो, तेही जुन्या इमारतीच्या सज्जावर. माती-कोकोपीटच्या मिश्रणाने हा भार बराच कमी होतो.

खोडी तीन. पहिली, मीठ. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर भुशात क्षार राहतात. वीट भिजवून, पिळून, पाणी फेकून असे दोन-तीनदा केल्याशिवाय ती वापरू नये. दुसरी, त्यात अन्न जवळजवळ नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड उगवते, तीन आठवडे हसते आणि मग फिकट पडते. दर आठ-दहा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक-दोन ग्रॅम द्यावे, किंवा मिश्रणातच गांडूळखत असावे. तिसरी खोडी फसवी आहे: वरचा थर सुकलेला दिसतो आणि खाली ओल भरपूर असते. म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी.

पाण्यावरून आठवले. वुजू करतानाही पाण्याची उधळपट्टी नको, ही आपल्याला शिकवण आहे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. नळाखाली टब ठेवला तर पाच-सहा माणसांच्या घरात दिवसभरात कुंड्यांपुरते पाणी सहज जमते. आपांची झारी याच टबातून भरते.

खत: थोडे आणि मुरलेले

बकरी ईदच्या आधी अनेक घरांत दोन-चार महिने बकरे बांधलेले असते. त्याच्या लेंड्या नगरपालिकेच्या गाडीत जातात. हे पाहून आम्हाला वाईट वाटते. लेंडीखत शेणखतापेक्षा नत्र आणि पालाशाने श्रीमंत आहे. फक्त ताजे वापरू नये. सुकलेल्या पानांसोबत थर लावून, ओल ठेवून तीन-चार महिने मुरू द्यावे. ईदनंतर लावलेला ढीग हिवाळी फुलांच्या कामी येईल की नाही, हे त्या वर्षी ईद कोणत्या ऋतूत आली यावर अवलंबून. यंदा नाही तर पुढच्या हंगामाला. मुरलेल्या खताची ओळख सोपी: रंग काळा, हाताला भुसभुशीत, वास पावसातल्या मातीचा. ताजे शेण किंवा कोंबडखत घातले तर ते कुंडीत तापते, मुळे भाजते आणि हुमणीच्या अळ्या आणते. लाकडाचा कच्चा भुसा किंवा न कुजलेला तूस घातला तर तो कुजताना मातीतले नत्र स्वतःच खातो आणि झाड उपाशी राहते.

गांडूळखत चांगले म्हणून कुंडी त्यानेच भरणारेही आहेत. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेंडू, टोमॅटो अशा झाडांवर प्रयोग केले. मिश्रणात दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत गांडूळखत असताना वाढ चांगली झाली, नुसत्या गांडूळखतात खालावली. जास्त प्रमाणात क्षार वाढतात आणि हवा कमी होते. शिवाय नत्र फार झाले की झाड पानांच्या मागे लागते. कॉसमॉस, नॅस्टर्शियम, गलांडा आणि चिनी गुलाब यांना तर गरीब मातीच मानवते. लाड केले की हिरवी गर्दी आणि फुलांची वानवा.

मोबाईलवर फिरणाऱ्या युक्त्यांबद्दल विचारणा होते. चहाची पत्ती साखर-दूध धुऊन मुरवली तर चालते. अंड्याची टरफले विरघळायला इतका काळ घेतात की हंगामी फुलाचे आयुष्य त्याआधी संपते, आणि आपल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर आहे.

कोणाला काय

झेंडू म्हणजे उर्दूतला सदबर्ग, तेरडा म्हणजे गुलमेहंदी. शिवाय झिनिया आणि कोंबडा. काळ्या मातीच्या भागात या फुलांना एक भाग माती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग कोकोपीट आणि एक भाग मुरलेले खत, हे मिश्रण आम्हाला चांगले वाटते. कोकणात चुरा वगळावा आणि दोन भाग लाल माती घ्यावी. चिनी गुलाबाला माती आणि चुरा निम्मा-निम्मा, खत मूठभर. पिटुनिया, पॅन्झीला मातीविना: कोकोपीट तीन भाग, परलाईट एक, गांडूळखत एक. पिटुनियाचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे बसतात. त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माध्यम टाकू नये, नुसते दाबावे. फ्लॉक्स आणि पॅन्झीचे बी मात्र झाकावे लागते.

मुलांना सुटीत एक काम देता येईल. एकाच पाकिटातले झेंडूचे बी, एकाच मापाच्या चार कुंड्या: एकीत नुसती काळी माती, दुसरीत नुसते कोकोपीट, तिसरीत नुसते गांडूळखत, चौथीत वरचे मिश्रण. ऊन सारखे, पाणी गरजेप्रमाणे. दर जुम्याला उंची, पानांची संख्या आणि पहिली कळी कधी आली ते वहीत लिहायचे. उंच झाड आणि जास्त फुले देणारे झाड एकच असते का, हा प्रश्न मुलांना वहीवरूनच सोडवू द्यावा; आधी उत्तर सांगू नये.

मार्च-एप्रिलमध्ये झाडे वाळली की मिश्रण फेकू नये. मुळे काढून ते गच्चीवर ओलसर पसरावे, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबाव्यात आणि मे महिनाभर कडक उन्हात राहू द्यावे. बुरशी आणि तणाचे बी बरेचसे मरते. जूनमध्ये त्यात चौथा हिस्सा नवे खत मिसळले की पावसाळी तेरडा आणि कोंबडा पेरायला कुंड्या तयार.